हितं कुनी गोविंद ऱ्हात न्हाई

मी कुठेही राहत नाही. आणि जिथे राहत नाही तिथे मी जन्मापासून आजारी पडून आहे. हे माझं म्हणणं नव्हे. एका वर्षी दोन सरकारांनी एकमेकांना न विचारता माझ्याबद्दल काढलेले हे निष्कर्ष आहेत. दोन्ही टाइप केलेले, दोन्हींवर शिक्के. शिक्का मारलेल्या कागदाशी वाद घालायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. तरी मी घातला, त्याची ही हकीकत.

सुरुवात मारुतीच्या पत्रानं झाली. मारुती तळेगावच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या लेथवर होता. आम्ही दोघंही साचे बनवणारे. एक दिवस तो परदेशी निघून गेला. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही, कारण मारुती अजून तिथंच आहे आणि माझ्यामुळे त्याच्यामागे कुणाची चौकशी लागावी असं मला वाटत नाही. देश थंड आहे, एवढं सांगतो. आमच्या लोणावळ्यात श्रावणात धुतलेलं धोतर गौरीपर्यंत वाळत नाही. तिथे म्हणे वाळत घातलेली विजार आपली आपण उभी राहते. मारुतीनं लिहिलं होतं, "गोविंदा, इथं साच्याच्या कामाला माणूस मिळत नाही. माझ्या फोरमनला तुझ्याबद्दल सांगितलंय. दिवाळीपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणाला. इथलं सरकार अर्जदाराला गुण देतं. शिक्षणाचे वेगळे, हातातल्या कसबाचे वेगळे. पुरेसे गुण झाले की बोलावतात. इथे फार शांत आहे. शेजारी तर इतके चांगले, की अजून मला त्यांचं नावसुद्धा माहीत नाही."

शेजाऱ्यांच्या वाक्याकडे माझं लक्षच गेलं नाही. मी 'गुण' या शब्दावर अडकलो होतो. कारखान्यातल्या साहेबांनी आजवर मला ओव्हरटाइम दिला होता, मेमो दिला होता, एकदा चुकून दुसऱ्याचा बोनसही दिला होता. पण गुण कुणी दिले नव्हते. आणि घरात 'गुण' हा शब्द माझ्या वाट्याला आला तो फक्त 'काय गुण उधळलेत बघा' अशा वाक्यातून. आता एक अख्खं सरकार माझे गुण मोजायला बसलं होतं. माझी छाती भरून आली. ही छाती पुढे फार त्रास देणार आहे, म्हणून तिचा उल्लेख आत्ताच करून ठेवतो.

शालननं, म्हणजे माझ्या बायकोनं, पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "मग यंदा लोणचं घालायचं की नाही?"

"लोणचं?"

"दिवाळीला निघायचं असेल तर मोठी बरणी कुणासाठी भरू? कैऱ्या यायच्या आत काय ते नक्की सांगा. मग माझ्यावर ढकलायचं नाही."

मी परदेशाचं बोलतोय आणि ही कैरीचं बोलतेय, असं वाटून मी लोणच्याचा विषय बाजूला ठेवला. अर्ज भरला, सोबत सगळी प्रमाणपत्रं जोडली आणि पाठवून दिला. ही गोष्ट मी लोणावळा-पुणे लोकलमध्ये फक्त एकाच माणसाला, तेही अगदी खासगीत, मळवलीला सांगितली. वडगाव येईपर्यंत ती डब्यात सगळ्यांना माहीत होती आणि तळेगावला उतरलो तेव्हा फाटकावरच्या वॉचमननं मला 'गुडबाय' केलं.

त्यानंतर कारखान्यानं माझा निरोप समारंभ करून टाकला. मी म्हणत होतो की अजून तपासण्या व्हायच्यात, पण युनियनच्या सेक्रेटरीला भाषण करायचं होतं. मला नारळ दिला आणि लोकरीचा एक भलामोठा मफलर गळ्यात घातला. शिमगा नुकताच झाला होता. मी भाषण होईपर्यंत घामानं निथळलो. सेक्रेटरी म्हणाले, "गोविंदराव आज आपल्यात नाहीत." दोघं-तिघं रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीच्या गाडीनं नेहमीसारखा कामावर गेलो, तर आदल्या दिवशी रडलेल्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांचे अश्रू फसवून नेले होते. तेव्हापासून दररोज कुणीतरी विचारायचं, "अजून इथंच?" अशा परिस्थितीत माणसाला परदेशी जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

आता तपासण्या. गुण पुरले, पण त्या सरकारला अजून दोन गोष्टींची खात्री हवी होती: माझ्या अंगात रोग नाही आणि माझ्या वागण्यात खोट नाही. पहिल्या गोष्टीसाठी मुंबईतला एक डॉक्टर नेमून दिला होता. दुसरीसाठी आपल्या पोलिसांकडून चालचलनाचा दाखला आणायचा होता.

डॉक्टरकडे जाण्याआधी मी बेहेरे नानांचा सल्ला घेतला. घेतला म्हणजे त्यांनी दिला. नाना आमच्या समोर राहतात, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झाले आणि आयुष्यात एकदा साडूला बोटीवर पोचवायला मुंबईच्या धक्क्यावर गेले होते. तेव्हापासून परदेशगमन हा त्यांचा विषय आहे. तपासणीच्या कागदावर 'नमुना' असा एक शब्द होता. कशाचा नमुना, ते मी इथे लिहीत नाही. सकाळची वेळ आणि पोटाची तपासणी एवढ्यावरून वाचकांनी समजून घ्यावं.

"इथूनच न्या, गोविंदराव," नाना म्हणाले. "मुंबईचं पाणी पोटात गेलं की नमुना मुंबईचा होतो. पार्सलमध्ये मी काय कमी बघितलंय? माल मूळ स्टेशनावरच सील करायचा."

घट्ट झाकणाचा डबा शोधला. आमच्या गावात कुठल्याही घरात घट्ट झाकणाचा डबा एकच असतो, चिक्कीचा. तो मी वर्तमानपत्रात गुंडाळला, वर दोरा बांधला आणि मुंबईला गेलो. दवाखान्यातल्या टेबलापाशी बसलेल्या गृहस्थांनी माझा कागद वाचला, गावाचं नाव वाचलं, हातातला डबा पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. "अरे वा, लोणावळा!" म्हणत त्यांनी डबा माझ्या हातातून घेतला, माझा नंबर सगळ्यांच्या वर लावला आणि डबा घेऊन आतल्या खोलीत गेले. नमुना घ्यायची मुंबईची पद्धत इतकी आपुलकीची असेल असं मला वाटलं नव्हतं. मी क्ष-किरणाच्या काचेला छाती लावून, सांगितल्याप्रमाणे श्वास रोखून उभा होतो, तेवढ्यात आतून एक किंकाळी आली आणि पाठोपाठ डब्याचं झाकण घरंगळत बाहेर आलं. "सोडा श्वास," फोटो काढणारा म्हणाला. मला काही केल्या सोडवेना. त्यानंतर तिथं माझ्याशी सगळे फार औपचारिकपणे वागले.

तरी निकाल चांगला आला. फुप्फुसं स्वच्छ, पोट निर्मळ, डोळे ठीक. मी पेढे आणले. पेढे संपायच्या आत त्या सरकारचं दुसरं पत्र आलं. त्यातलं इंग्रजी नानांनी मोठ्यानं वाचून दाखवलं: आपल्या अर्जावरून असे दिसते, की आपण जन्मापासून आजतागायत एका सॅनिटोरियममध्ये आहात. सबब आजाराचे स्वरूप कळवावे आणि तेथून आपली सुटका झाली असल्यास वैद्यकीय अधीक्षकांचा तसा दाखला पाठवावा.

आता हे कुणाला समजावायचं? आमचा पत्ता 'शेठ त्रिकमजी पुंजा सॅनिटोरियम, लोणावळा' असा आहे. बाहेरच्या जगात सॅनिटोरियम म्हणजे क्षयाचे रोगी ठेवायची जागा. लोणावळ्यात सॅनिटोरियम म्हणजे मुंबईच्या कुणा शेठजींनी आपल्या जातभाईंना हवा खायला बांधून दिलेली खोल्यांची रांग. इथे धडधाकट माणसं येतात, पत्ते खेळतात, तळलेलं खातात आणि झालीच तर जाताना आजारी होतात. माझे वडील भिमाजी तिथे रखवालदार होते. मागच्या दोन खोल्यांत माझा जन्म झाला आणि त्यांच्यामागे त्या खोल्या, किल्ल्यांचा जुडगा आणि रिकाम्या वेळची देखरेख माझ्याकडे आली. तेव्हा अधीक्षक म्हणण्यासारखं तिथे कुणी असेल तर तो मीच. म्हणजे मीच स्वतःला तपासायचं, बरा झालो असं ठरवायचं आणि सोडून द्यायचं.

"काही हरकत नाही," नाना म्हणाले. "फक्त सही डाव्या हातानं करा."

मी सही केली नाही. कारण मधल्या काळात पोलिसांची चौकशी होऊन गेली होती.

इथे आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. मावळात पोलिसानं कुणाचंही नाव घेऊन काहीही विचारलं, की पहिला शब्द 'न्हाई' असाच निघतो. त्यात लबाडी नसते. पाहुणा आला की पाणी द्यायचं, तसं पोलीस आला की 'न्हाई' म्हणायचं. विचारणारा काय विचारतो ते नंतर कळलं तरी चालतं. आधी माणूस वाचवायचा. मी परदेशी जाणार हे सगळ्या आळीला माहीत होतं, पण त्यासाठी पोलीस येणार हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. 'माझी चौकशी करायला पोलीस येणार आहेत' हे वाक्य अब्रूदार माणूस कसं बोलणार?

आले ते हवालदार खांडभोर. मंचरकडून नुकतीच बदली होऊन आलेले, इथे कुणाला न ओळखणारे. फाटकाशी धोंडिबा टांगेवाला घोड्याला वैरण घालत होता. माझ्या लग्नाची वरात याच धोंडिबाच्या टांग्यातून निघाली होती.

"हितं गोविंद भिमाजी वाळुंज कुटं ऱ्हातो?"

"गोविंद?" धोंडिबा म्हणाला. "हितं कुनी गोविंद ऱ्हात न्हाई."

"भिमाजीचा पोरगा?"

"भिमाजीला पोरगंच नव्हतं."

आमच्या शेजारच्या कस्तुराबाई दोरीवर कपडे घालत होत्या. त्यांनी सांगितलं, "त्या खोल्या रिकाम्याच हायेत. उंदीर झाल्यात लय." दोरीवर माझा शर्ट वाळत होता, तो त्यांनी हवालदारांच्या देखत काढून आपल्या टोपलीत टाकला. समोर बेहेरे नाना खिडकीत होते. ज्यांनी माझ्या अर्जाचा मसुदा केला ते नाना हवालदारांना म्हणाले, "वाळुंज? छे हो. मी स्वतःच इथे नवीन आहे." आणि खिडकी लावून घेतली.

अंगणात सावित्राबाई खराटा मारत होती. भुशीच्या वरच्या अंगाला डोंगरात वाडी आहे, तिथून ती रोज उतरून सॅनिटोरियमची झाडलोट करायला येते. मी झाल्यावर माझी आई वर्षभर अंथरुणाला खिळली होती. तेव्हा याच बाईनं मला एका कडेवर आणि लाकडाची मोळी डोक्यावर घेऊन दिवस काढले. सगळे तिला मावशी म्हणतात.

"गोइंदा?" ती खराटा न थांबवता म्हणाली. "त्यो गेला की."

"कुटं?"

"वर."

तिच्या म्हणण्याचा अर्थ डोंगरावर, भुशीकडे, असा होता. खांडभोरांनी टोपी काढली.

एवढं होईतो संध्याकाळची गाडी आली आणि मी स्टेशनावरून चालत घरी आलो. फाटकातच हवालदार. त्यांनी विचारलं, "काय हो, हितं गोविंद भिमाजी वाळुंज ऱ्हायचे का?"

मी म्हणालो, "न्हाई."

असं का म्हणालो, ते मला आजही सांगता येत नाही. दिवसभर मनात मी त्याच हवालदारांची वाट पाहत होतो, शर्टही इस्त्रीचा घातला होता. पण विचार करायच्या आत तोंड बोलून गेलं. आणि एकदा 'न्हाई' म्हटल्यावर त्यांच्या देखत माझ्याच घरात शिरणं बरं दिसेना, म्हणून मी तसाच पुढे भुशीच्या रस्त्याला लागलो आणि ते गेल्याची खात्री होईतो रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसून राहिलो. घरी आलो तेव्हा आळी माझी वाट पाहत होती. "वाचलास लेका," धोंडिबा म्हणाला. "एकानं तोंड उघडलं न्हाई." त्याला खरं सांगायला माझी जीभ रेटेना.

अहवाल आला: 'सदर इसम सदर पत्त्यावर राहत नाही. एका वृद्ध स्त्रीच्या सांगण्यावरून मयत असण्याचा संभव आहे.'

नाना मात्र अहवाल वाचून हर्षभरित झाले. "गोविंदराव, हा तर उत्तम पुरावा! सॅनिटोरियममध्ये तुम्ही राहतच नाही, मग तिथे आजारी कसे असाल? पाठवून द्या." मला तेव्हा काही सुचत नव्हतं, म्हणून मी तो कागद घेऊन स्वतः त्या सरकारच्या मुंबईतल्या कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी तो वाचला, माझी फाइल काढली, क्ष-किरणाचा फोटो उजेडाकडे धरला आणि शांतपणे विचारलं, "मग ही छाती कोणाची आहे?"

परतताना गाडीत मला माझी फार दया आली. कारखान्यात मी गेलेला, पोलिसांत वारलेला, परदेशात अंथरुणाला खिळलेला; आणि प्रत्यक्षात कर्जतला बटाटेवडा खात असलेला.

वाट काढली शालननं. तिनं पत्र पुन्हा वाचलं आणि म्हणाली, "अहो, एका शब्दाचं तर भांडण आहे. आपल्या बाजारातल्या डॉक्टरांकडून लिहून आणा ना, की इथे सॅनिटोरियमचा अर्थ धर्मशाळा असा होतो." बाजारातल्या डॉक्टरांनी हसत हसत लिहून दिलं. त्या सरकारला ते पटलं. कळवलं, की प्रकृतीबद्दल शंका उरली नाही. आता चारित्र्याचा दाखला तेवढा वेळेत यावा. दिवाळीपर्यंतची ती जागा पुन्हा माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

"कैऱ्या आल्यात बाजारात," शालन म्हणाली.

"थांब जरा," मी म्हणालो आणि पोलीस ठाण्यात गेलो.

खांडभोरांनी मला ओळखलं. "तुमीच म्हनला व्हता की न्हाई म्हून."

"हो."

"आन तुमीच गोविंद वाळुंज?"

"हो."

"मग न्हाई का म्हनलात?"

"सवय," मी म्हणालो.

ते खुर्चीतून उठले. मला वाटलं, आता आत टाकतात. पण ते मंचरकडचे होते. "आमच्याकडंबी आसंच म्हंत्यात," ते म्हणाले. "येतो रयवारी. पन सगळ्यास्नी खरं बोलाया सांगा. मला पुन्ना टोपी काढाया लावू नका."

मी घरोघर जाऊन सांगितलं, की बाबांनो, मला पकडायचं नाहीये, माझं चांगलं चाललंय, जे खरं ते सांगा. त्यावर आळीनं जी तयारी केली ती मला आवरता आली नाही. रविवारी अंगणात सतरंजी घातली होती. नाना इस्त्रीचा कोट घालून, भाषण लिहून घेऊन आले होते. धोंडिबानं घोडासुद्धा धुतला होता. खांडभोर चहा पीत लिहून घेत होते आणि मी वराच्या जागी बसवल्यासारखा मान खाली घालून ऐकत होतो.

"सोन्यासारखा मानूस," धोंडिबा म्हणाला. "भिमाजीचा येकुलता येक पोरगा."

"भिमाजीला पोरगंच नव्हतं ना?" खांडभोरांनी विचारलं.

"त्ये मागल्या टायमाला."

कस्तुराबाई म्हणाल्या, "बायकोवर कदी हात उचलला न्हाई. आवाज येतो त्यो बाईचाच येतो." शालननं त्यांच्याकडे एकदा पाहिलं. नानांनी माझ्या चारित्र्यावर इतकं बोलून घेतलं की माझं मलाच ते संशयास्पद वाटू लागलं. शेवटी खांडभोरांनी कागद उलटला आणि ठरलेल्या सुरात वाचलं, "सदर इसम परदेशी जान्यास कुनाची काय हरकत?"

हा प्रश्न काही विचारण्यासाठी नसतो. लग्नात मंगलाष्टकं संपली की अक्षता टाकतात, तसं यानंतर 'नाही' असं लिहून सही करायची असते. खांडभोरांनी लेखणी टेकवलीसुद्धा होती.

"हाय की," सावित्राबाई म्हणाली.

ती सतरंजीच्या बाहेर, पायरीशी बसली होती.

"काय हाय?"

"हरकत. माजी हाय."

"का पन मावशी?"

"का म्हंजी? तुमी इचारलं, मी सांगितलं. लिवा."

खांडभोरांनी लिहिलं. नाना उठून म्हणाले, "अहो हवालदार, ही नुसती औपचारिकता आहे!" तर ते म्हणाले, "मी इचारलं का न्हाई? बाईनं सांगितलं का न्हाई? आता शाईनं लिवलं. तिनं आपनहून म्हागं घेतली तर पुडल्या रयवारी तसं लिवतो." आणि कागद घडी करून खिशात घातला.

मला राग आला. खरं सांगायचं तर इतका राग मला युनियनच्या सेक्रेटरीचाही आला नव्हता. रोग निघाला नाही, गुण पुरले, दोन सरकारांची समजूत पटली, आणि ज्या बाईनं मला कडेवर वाढवलं तिनं एका शब्दात सगळं अडवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी कामाला दांडी मारून मी भुशीच्या वर, वाडीवर गेलो. चढण उन्हाची आहे. बोलायचं सगळं मी वाटेत पाठ केलं होतं.

सावित्राबाई दारात करवंदं निवडत बसली होती. तिनं मला पाणी दिलं, पानावर मूठभर करवंदं दिली आणि निवडत राहिली.

"मावशी, काय केलंस हे?"

"काय केलं? खा की. काळी हायेत, ग्वाड हायेत."

"तिथं माझ्या कामाला किंमत आहे. पगार आहे. चांगली माणसं आहेत."

"आसतील. वाईट कोन म्हनतंय?"

"मग हरकत कसली?"

तिनं एक हिरवं करवंद वेचून बाजूला टाकलं. "गोइंदा, म्हागं त्यो पोलीस आला. तुज्या मागावं आला आसं आमास्नी वाटलं. धोंडिबा न्हाई म्हनला. कस्तुरी न्हाई म्हनली. त्यो समुरचा बामन, येवडा शिकल्याला, त्योबी न्हाई म्हनला. मी तर तुला वर धाडला. इचारलं का कुनी, काय क्येलंय गोइंदानं म्हून?"

"नाही."

"तितं पोलीस आला तर?"

"तिथं कशाला येईल?"

"आला तर म्हन्ते मी. तितं तुज्यासाटी 'न्हाई' म्हनाया कोन हाय?"

"मारुती आहे," मी म्हणालो.

"आन मारुतीसाटी कोन हाय?"

मला मारुतीचं पत्र आठवलं. शेजारी इतके चांगले, की अजून मला त्यांचं नावसुद्धा माहीत नाही. ते वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात नुसते गुण भरले होते. पाठ केलेलं सगळं मी सोडून दिलं. मी करवंदं खात बसलो आणि मला रडू आलं. करवंदाच्या चिकानं डोळे झोंबले असं मी सांगितलं. काळं करवंद खाताना चीक डोळ्यांत उडत नाही हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तिनं पानावर आणखी मूठभर घातली.

"येते रयवारी," ती म्हणाली. "म्हागं घेते हरकत. मी काय तुला बांदून घालनार हाय व्हय?"

घरी येऊन मी शालनला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला काय, तिथे तर तिथे, इथे तर इथे. तुमच्याबरोबर आहे. पण तुमचं तुम्ही ठरवा. कैऱ्या संपत आल्या." त्या आठवड्यात मी कारखान्यात "अजून इथंच?" हा प्रश्न रोज ऐकला आणि पहिल्यांदाच तो मला टोचला नाही.

रविवारी पुन्हा सतरंजी घातली. खांडभोरांनी कागद उलगडला. "बोला मावशी. हाय का न्हाई?"

सावित्राबाई उभी राहिली. "माजी न्हाई," ती म्हणाली. खांडभोर लिहू लागले, तशी ती पुढे म्हणाली, "आता त्येला इचारा. त्येची हाय का."

सगळे माझ्याकडे बघू लागले. धोंडिबा, कस्तुराबाई, कोटातले नाना. दिवाळीपर्यंत धरून ठेवलेली ती जागा, कारखान्यातल्या सगळ्यांची तोंडं, माझे मोजून झालेले गुण, सगळं माझ्या डोळ्यांपुढून एकदा गेलं.

"हवालदार," मी म्हणालो, "माझी आहे."

"काय हाय?"

"हरकत. मी जाण्याला माझी हरकत आहे."

खांडभोरांनी कागद पुढून पाहिला, मागून पाहिला. "साहेब, ह्येला रकाना न्हाई. दुसऱ्याची हरकत लिवाया रकाना हाय. ज्याचं त्यानंच हरकत घ्यायची, ह्ये कुनी धरल्यालंच न्हाई."

"समासात लिहा," दारातून शालन म्हणाली. "आणि नाना, तुम्ही बाजाराकडे निघालाच आहात तर कैऱ्या घेऊन या. कडक बघून. मी मोठी बरणी धुवायला काढते."

मारुतीला मी कळवलं. त्याचं उत्तर बऱ्याच दिवसांनी आलं. त्यात रागावण्यापेक्षा लोणच्याची चौकशी जास्त होती, म्हणून एक लहान बरणी पार्सलनं पाठवली. सील नानांनी मूळ स्टेशनावरच केलं. कारखान्यात मी मफलर परत देऊ केला, पण सेक्रेटरी म्हणाले की पुढेमागे खराच गेलात तर दुसरा देणार नाही, हाच ठेवा. पावसाळ्यात गाडीच्या खिडकीशी तो बरा पडतो.

दिवाळीच्या आसपास एका दुपारी मी घरी जेवायला बसलो होतो. फाटकाशी पांढऱ्या शर्टातला, हातात चामडी बॅग घेतलेला एक अनोळखी माणूस आला. विम्याचा एजंट होता, हे मागाहून कळलं. "गोविंद वाळुंज इथंच राहतात ना?" त्यानं विचारलं.

"गोविंद?" दोरीपाशी कस्तुराबाईंचा आवाज आला आणि पाठोपाठ दोरीवरून शर्ट ओढल्याचा. "हितं कुनी गोविंद ऱ्हात न्हाई."

अंगणातला खराटा क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. मी उठलो नाही. शालननं पानात लोणच्याची आणखी एक फोड वाढली, आणि मी कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं जेवत राहिलो.